वीस युनिट, पण कोणत्या सिरिंजचे?

"बाबा तिकडे वीस घेतात, मग इथंही वीसच द्यायचे ना?" उन्हाळा लागला की सिएटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंड, सॅमॅमिशच्या मराठी घरांतून हा प्रश्न येऊ लागतो. आई-बाबा काही महिन्यांसाठी आलेले असतात. सोबत औषधांचा डबा असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्यातलं काहीतरी संपतं: इन्सुलिनची बाटली, सिरिंजचं पाकीट, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुरू असलेली रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं. कुणी दवाखान्यात दाखल झालं तर प्रश्न वेगळे असतात. नर्स दर वेळी नाव आणि जन्मतारीख का विचारते? एका इंजेक्शनासाठी दोन नर्स का लागतात? आपण भारतातून आणलेलं औषध ती का देत नाही?

या सगळ्या प्रश्नांचं मूळ एकच आहे. काही औषधांच्या बाबतीत चूक झाली तर गंभीर इजा होण्याचा धोका खूप जास्त असतो. औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणारी आयएसएमपी ही अमेरिकी संस्था त्यांना 'हाय-अलर्ट' औषधं म्हणते आणि त्यांची यादी प्रसिद्ध करते. इन्सुलिन, हेपारिन आणि त्याच्या जातीची इंजेक्शनं, मॉर्फिन-फेंटानिलसारखी वेदनाशामकं, शिरेतून दिलं जाणारं पोटॅशियम, बाळंतपणात लागणारी ऑक्सिटोसिन आणि मॅग्नेशियम सल्फेट, केमोथेरपी ही त्यातली ठळक नावं. ही जीव वाचवणारी औषधं आहेत, त्यांना घाबरून ती बंद करू नका. पण यातली एक-दोन आत्ता तुमच्या फ्रीजमध्ये असतील, आणि ती देताना तिथे नर्स नसते, तुम्ही असता.

डोस किती असावा हे डॉक्टरच ठरवतील. ठरलेला डोस न बदलता शरीरात पोचतो की नाही, हे घरच्यांनी पाहायचं आहे. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

सगळ्यात धोक्याची जागा: 40 आणि 100

भारतात बाटलीतलं इन्सुलिन आजही मोठ्या प्रमाणावर 40 च्या ताकदीचं मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. त्याची सिरिंज वेगळी असते, लाल टोपणाची. अमेरिकेत माणसांसाठीचं 40 चं इन्सुलिन बाजारातून केव्हाच गेलं. इथलं नेहमीचं इन्सुलिन 100 च्या ताकदीचं आणि सिरिंज केशरी टोपणाची. दोन्ही सिरिंजवर '20' ही खूण असते, पण त्या खुणेपर्यंत दोन्हींत मावणारं औषध सारखं नसतं.

बाटली एका देशाची आणि सिरिंज दुसऱ्या देशाची झाली की काय होतं ते पाहा. डॉक्टरांनी 20 युनिट सांगितले आहेत असं धरू:

- 40 ची बाटली, 40 ची सिरिंज: 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर 20 युनिट. बरोबर.
- 100 ची बाटली, 100 ची सिरिंज: 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर 20 युनिट. बरोबर.
- 40 ची बाटली, 100 ची सिरिंज: 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर फक्त 8 युनिट. साखर चढत जाते, आणि "इथलं खाणं मानवत नाही" असं म्हणून सगळे गप्प बसतात.
- 100 ची बाटली, 40 ची सिरिंज: 20 च्या खुणेपर्यंत भरलं तर 50 युनिट. अडीच पट. यात माणूस बेशुद्ध होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून आकडा कधीही एकटा सांगू नका. "वीस" म्हणणं अपुरं आहे. "शंभरच्या इन्सुलिनचे, शंभरच्या सिरिंजने वीस युनिट" हे पूर्ण वाक्य आहे. फोनवर डॉक्टरांशी, क्लिनिकमध्ये नर्सशी, औषधाच्या दुकानात फार्मासिस्टशी असंच बोला. नेमक्या याच वाक्याच्या अभावी घोळ होतात, आणि ते वाक्य बोलायला काही शिकावं लागत नाही.

सिरिंज संपल्या तर काय करायचं?

- 40 ची बाटली अजून शिल्लक आहे म्हणून 100 च्या सिरिंजने गुणाकार-भागाकार करून द्यायचं, हा मार्ग घेऊ नका. कागदावर गणित बरोबर येतं, पण रात्री साडेदहाला, झोपेत, चष्मा न लावता ते चुकतं.
- ऑनलाइन शोधलंत तर इथे 40 ची सिरिंज सापडेल. ती कुत्र्या-मांजरांच्या इन्सुलिनसाठी विकली जाते. घरात ती आणली की 40 आणि 100 दोन्ही शेजारी-शेजारी पडून राहतात, आणि पुढची चूक तिथेच तयार होते.
- सुरक्षित मार्ग म्हणजे इथल्या डॉक्टरांकडून किंवा अर्जंट केअरमधून 100 चं इन्सुलिन आणि 100 ची सिरिंज, किंवा सरळ पेन, अशी जोडी लिहून घेणं. बदल केला त्या दिवशी जुन्या बाटल्या आणि लाल सिरिंज डब्यातून बाहेर काढा.

पेन वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण पेनच्या खिडकीत दिसतात ते थेट युनिट असतात. अट एकच: पेनच्या काडतुसात सिरिंज घालून औषध ओढू नका. काही पेनांत 200 किंवा 300 ताकदीचं इन्सुलिन असतं, तिथे सिरिंजवरच्या खुणा पूर्ण निरर्थक ठरतात. आणि आई-बाबा दोघंही एकच इन्सुलिन घेत असले तरी पेन प्रत्येकाचं वेगळं. सुई बदलली तरी काडतुसात रक्ताचा अंश मागे येऊ शकतो, त्यातून कावीळ किंवा एचआयव्हीसारखा संसर्ग एकाचा दुसऱ्याला होऊ शकतो. नवरा-बायकोसुद्धा याला अपवाद नाहीत.

नावं जुळवताना

भारतातला खोका फार्मासिस्टला दाखवून "हेच द्या" म्हटलं तर तो ब्रँड बहुधा त्याच्या माहितीचा नसतो. मिक्स्टार्ड, इन्सुजेन, वोसुलिन ही नावं इथे चालत नाहीत. खोक्यावर बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव दाखवा.

मिश्र इन्सुलिनबाबत तर आकड्यांचा क्रमही उलटा आहे. भारतात ज्याला 30/70 म्हणतात त्यात 30 टक्के जलद आणि 70 टक्के संथ इन्सुलिन असतं. अमेरिकेत तेच मिश्रण 70/30 या नावाने विकलं जातं, कारण इथे संथ भागाचा आकडा आधी लिहितात. औषध तेच आहे. "उलटं दिलं" म्हणून परत करू नका, आणि शंका आली तर फार्मासिस्टला टक्केवारी मोठ्याने वाचायला सांगा.

जुळ्यासारखी नावंही बघा: ह्युमॅलॉग आणि ह्युम्युलिन, नोव्होलॉग आणि नोव्होलिन. एक जेवणाच्या तोंडावर घ्यायचं, दुसरं वेगळ्या वेळी. पूर्वी "गढूळ ते संथ, स्वच्छ ते जलद" ही खूण पुरायची. ग्लार्जिनसारखी दिवसभर चालणारी इन्सुलिन पाण्यासारखी स्वच्छ असतात, त्यामुळे ती खूण आता विसरा. दोन बाटल्या असतील तर त्या फ्रीजच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा, एकीला रंगीत रबर लावा, आणि वाचल्याशिवाय हात लावू नका.

साध्या ह्युमन इन्सुलिनचे काही प्रकार अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्रिस्क्रिप्शनशिवाय आणि तुलनेने स्वस्तात मिळतात. अडीनडीला त्याचा उपयोग होतो. पण आई ग्लार्जिन घेत असेल तर स्वस्त म्हणून आणलेली दुसरी बाटली तेवढ्याच युनिटने देऊ नका, कारण दोन्हींचा काम करण्याचा वेग आणि काळ वेगळा आहे.

दोघांनी तपासायचं, पण कसं?

दवाखान्यात इन्सुलिनचं किंवा हेपारिनचं ड्रिप लावताना, केमोथेरपी देताना बहुतेक ठिकाणी दुसरी नर्स येऊन तपासते. पहिलीवर अविश्वास असतो म्हणून नव्हे. एकाच माणसाचे डोळे जे पाहायची अपेक्षा असते तेच पाहतात, म्हणून ही पद्धत पडली.

घरी ती पद्धत नेताना सहसा एक चूक होते. "वीस आहेत ना गं?" असं विचारलं की समोरचा "हो" म्हणतो, न बघता. ती तपासणी झाली नाही, होकार मिळाला. सिरिंज त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "किती दिसतायत?" उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या. मग बाटली द्या: "यावर काय लिहिलंय, वाचा." दोन्ही उत्तरं डॉक्टरांच्या कागदाशी जुळली की इंजेक्शन द्या. आई-बाबा दोघंच दिवसभर घरी असतील आणि तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या कॅम्पसवर असाल, तर हेच व्हिडिओ कॉलवर करता येतं.

नर्स प्रत्येक डोसाआधी मनात ज्या गोष्टी जुळवते त्या तुम्हीही जुळवा: माणूस बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, देण्याचा मार्ग बरोबर, वेळ बरोबर. मग लगेच वहीत लिहा. "मी दिलं होतं का?" हा प्रश्न संध्याकाळी पडला आणि वहीत नोंद नसली, तर लोक दुसऱ्यांदा देतात.

भरलेली सिरिंज नाव न लिहिता ठेवू नका. हे सांगताना मी तळ्यापलीकडच्या एका घटनेची आठवण करून देते. 2004 मध्ये सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात एका रुग्णेला तपासणीसाठी लागणाऱ्या डायऐवजी त्वचा निर्जंतुक करण्याचं द्रावण टोचलं गेलं आणि ती दगावली. स्वच्छ दिसणारे द्रव बिनलेबलाच्या भांड्यांत शेजारी-शेजारी होते. रुग्णालयाने चूक जाहीरपणे मान्य केली आणि आपली कामाची पद्धत बदलली. मोठ्या रुग्णालयातल्या कसलेल्या हातांचं असं होतं, तर आईची आणि बाबांची सकाळची सिरिंज भरून एकाच पेल्यात ठेवणाऱ्या घरात काय होऊ शकतं याचा विचार करा.

रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं

सांधेबदलीनंतर किंवा पायात गुठळी झाल्यावर एनॉक्सापारिन दिलं जातं. भारतात ते क्लेक्सेन म्हणून ओळखलं जातं, अमेरिकेत लव्हनॉक्स म्हणून. दोन खोके, दोन नावं, औषध एकच. भारतातून आणलेलं चालू ठेवून इथलंही सुरू केलं तर डोस दुप्पट होतो आणि रक्तस्राव सुरू होऊ शकतो. सोबत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं चालू असतील तर ते आधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही सांगा, कारण डोस त्यावर बदलतो.

देताना:

- आडवं झोपवा. बेंबीपासून किमान दोन इंच दूर, पोटाच्या बाजूला, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे.
- आधीच भरून आलेल्या सिरिंजमधला पूर्ण डोस द्यायचा असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका. तो काढायला जाल तर औषधही बाहेर पडतं.
- कातडीची घडी चिमटीत धरा, सुई सरळ आत घाला, औषध संपेपर्यंत घडी सोडू नका.
- नंतर चोळू नका. आपल्याकडे इंजेक्शन दिल्यावर जागा चोळायची सवय आहे. इथे चोळल्याने मोठा काळा-निळा डाग पडतो.

काळी, डांबरासारखी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, पडल्यावर डोक्याला मार, अचानक तीव्र डोकेदुखी: यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, इमर्जन्सीत जा.

गुठळीच्या उपचारासाठी हे औषध वजनावर मोजून देतात, म्हणून वजन किलोमध्येच सांगा आणि "किलो" हा शब्द उच्चारा. इथे लोक पौंडात बोलतात, आणि एक किलो म्हणजे साधारण 2.2 पौंड. नुसतं "बासष्ट" म्हटलं तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? तुम्हाला शक्य असेल तर नर्सला प्रत्यक्ष वजन करायला सांगा.

आठवड्यातून एकदाच असलेली औषधं

संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट, गोळी असो की इंजेक्शन, आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जा आणि यकृत यांना गंभीर इजा होते, मृत्यूही झालेले आहेत. आपल्याकडे यात आणखी एक भर आहे: मेथोट्रेक्सेटचा एक प्रचलित ब्रँड फोलिट्रॅक्स आणि सोबत दिली जाणारी गोळी फोलिक ॲसिडची. आवाज जवळचा, काम उलट. वार ठरवा, तो खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, आणि बाकीच्या औषधांच्या डब्यात ते ठेवूच नका.

सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही मधुमेहाची आणि वजन कमी करणारी इंजेक्शनंही आठवड्याचीच. इथे धोका दुसरीकडून येतो. कंपनीच्या तयार पेनऐवजी काही लोक कंपाउंडिंग फार्मसीकडून बाटली घेतात आणि इन्सुलिनच्या सिरिंजने ओढतात. डोस मिलिग्रॅममध्ये सांगितलेला, सिरिंजवर खुणा युनिटच्या. 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की अशा बाटल्यांतून काही रुग्णांनी ठरल्यापेक्षा 5 ते 20 पट औषध टोचून घेतलं. 100 च्या सिरिंजवरची 10 ची खूण म्हणजे 0.1 मिलिलिटर, एवढंच. त्यात किती मिलिग्रॅम औषध आहे हे बाटलीची ताकद सांगते, सिरिंज सांगत नाही. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर फार्मसीकडून मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि सिरिंजची खूण हे तिन्ही आकडे एकाच कागदावर लिहून घ्या. देणार नसतील तर ती बाटली घेऊ नका.

साखर उतरली, किंवा चूक झालीच

घाम, थरथर, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ: म्हातारपणी यातलं शेवटचंच आधी दिसतं, आणि घरचे त्याला जेटलॅग समजतात. मशीनवर 70 पेक्षा कमी दिसलं तर 15 ग्रॅम साखर द्या, म्हणजे अर्धा कप फळांचा रस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, लागलं तर पुन्हा द्या, मग पोटभर खायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते.

माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, गूळसुद्धा नाही. 911 ला फोन करा. इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकासाठी डॉक्टरांकडून नाकातून फवारायचं किंवा टोचायचं ग्लुकागॉन लिहून घ्या आणि ते कुठे ठेवलंय हे नातवंडांनाही दाखवून ठेवा.

जास्त डोस गेला असं लक्षात आलं तर:

1. वेळ, औषध, ताकद, किती गेलं हे लगेच लिहा. दोष कुणाचा यावर वेळ घालवू नका.
2. साखर मोजा, रस हाताशी ठेवा, एकटं सोडू नका.
3. माणूस शुद्धीवर असेल तर पॉयझन सेंटरला 1-800-222-1222 वर फोन करा. सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास आहे, दुभाषाही मिळतो. झापड, झटका, बेशुद्धी असेल तर थेट 911.
4. दिवसभर चालणारं इन्सुलिन जास्त गेलं असेल तर दोन तास ठीक गेले म्हणून निश्चिंत होऊ नका. साखर पुढच्या रात्रीही उतरू शकते.

डोस चुकला तर पुढचा दुप्पट करू नका. बेलव्ह्यूचं घड्याळ भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं, त्यामुळे विमानातून उतरल्याच्या दिवशी "सकाळचा" डोस कुठला हा प्रश्न खरा आहे. तो निघण्याआधीच भारतातल्या डॉक्टरांना विचारा आणि वेळा दोन्ही देशांच्या घड्याळात लिहून आणा. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच असू द्या, खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. संकष्टी, एकादशी, नवरात्राचे उपवास असतील तर तेही याच भेटीत बोलून घ्या. उपवासाला जेवणाचं इन्सुलिन आणि दिवसभराचं इन्सुलिन यांना वेगळे नियम लागतात, आणि ते ठरवणं तुमचं काम नाही.

रुग्णालयात दाखल झाल्यावर

ओव्हरलेकमध्ये असा, किर्कलंडच्या एव्हरग्रीनमध्ये असा की सिएटलला, नर्स प्रत्येक औषधाआधी नाव आणि जन्मतारीख विचारेल, मग मनगटावरचा पट्टा आणि औषध स्कॅन करेल. आईला वाटतं, तासाभरापूर्वी तर सांगितलं. तिला समजावून सांगा की हा अपमान नाही, शेजारच्या खोलीतल्या कुणाचं औषध आपल्याला लागू नये म्हणून आहे. आणि तुम्ही तिच्या वतीने घाईने उत्तर देऊ नका, तिला बोलू द्या.

इथे मराठी घरांची एक खास अडचण येते. कितीतरी आजी-आजोबांची शाळेत लावलेली जन्मतारीख 1 जून असते, खरी वेगळी. नर्सने विचारलं की आजोबा खरी सांगतात, पट्ट्यावर पासपोर्टवरची असते, आणि सगळं थांबतं. दवाखान्यात पासपोर्टवरचीच तारीख सांगायची हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. इथे महिना आधी लिहितात हेही ध्यानात ठेवा: 05/08 म्हणजे 8 मे. तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या. नावाच्या क्रमाचंही तसंच, नोंदणीच्या खिडकीवर जे लिहिलं गेलं तेच पुढे सगळीकडे चालतं.

बाकी काही गोष्टी थोडक्यात:

- वेदनेच्या पंपाचं बटण फक्त रुग्णाने दाबायचं. ऑपरेशननंतर मॉर्फिनसारखं औषध देणाऱ्या पंपाला एक बटण असतं. झोपेत असलेला माणूस बटण दाबत नाही, आणि हीच त्या यंत्राची सुरक्षा आहे. आईला कळ येईल म्हणून मुलाने प्रेमापोटी दाबलं तर तिचा श्वास मंदावू शकतो. अशा घटना घडल्या आहेत आणि त्यावर 2004 मध्येच अमेरिकेतल्या रुग्णालयांना राष्ट्रीय पातळीवर सूचना दिली गेली.
- सलाईनच्या पंपाला हात लावू नका. आपल्याकडे बाटली संपत आली की नातेवाईक चाकी फिरवतात. पोटॅशियमसारखं औषध वेगाने गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पंप वाजला तर बेल दाबा.
- सोबत आणलेली इंजेक्शनं दाखवा, देऊ नका. तपासल्याशिवाय बाहेरचं औषध नर्स देत नाही, ताकद चुकीची असू शकते हे आपण वर पाहिलंच. घरचं इन्सुलिन गुपचूप देणं तर अजिबात नको, कारण नर्सने दिलेल्यात ते मिळून दुप्पट होतं.
- आकडे सुटे सांगा. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. "वन-फाइव्ह, फिफ्टीन" असं म्हणा. दीड, अडीच असे आकडे दुभाष्यालाही पूर्ण करून सांगा. डॉक्टरांनी हाताने '10U' लिहिलं असेल तर ते शंभर असं वाचलं जाऊ शकतं, म्हणून "युनिट" हा शब्द पूर्ण लिहून मागा.
- नर्स औषध मोजत असताना गप्पा नकोत. पण गोळीचा रंग, पिशवीचा आकार, आकडा काही वेगळं वाटलं तर त्याच क्षणी थांबवा. चांगली नर्स त्याचा राग धरत नाही.

तुमचे हक्क

- प्रत्येक औषधाचं नाव, डोस आणि कारण विचारण्याचा, आणि समजेपर्यंत नाही म्हणण्याचा.
- विनामूल्य दुभाषा मागण्याचा. भाषा विचारली तर "इंडियन" किंवा "हिंदी चालेल" म्हणू नका, "मराठी" म्हणा. फोनवर किंवा व्हिडिओवर दुभाषा मिळतो. नातवाला दुभाषा करू नका. अगदी आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलांकडून हे काम घेण्याला संघीय नियमांची मनाई आहे, आणि दहा वर्षांच्या मुलावर आजीच्या डोसाची जबाबदारी टाकूही नये.
- विमा असो वा नसो, इमर्जन्सीत तपासणी आणि प्रकृती स्थिर करण्याइतके उपचार मिळण्याचा. 1986 च्या संघीय कायद्याने तो दिला आहे. बिल नंतर येतं. त्या वेळी रुग्णालयाकडे चॅरिटी केअरचा, म्हणजे बिल माफ किंवा कमी करून घेण्याचा, अर्ज मागा, वॉशिंग्टन राज्यात त्यासाठी कायदा आहे.
- अनपेक्षित काही घडलं तर ते सांगितलं जाण्याचा, आणि कागदपत्रांची प्रत मिळण्याचा. समाधान झालं नाही तर तक्रार राज्याच्या आरोग्य विभागाकडे करता येते.

वापरलेल्या सुया

रिसायकलिंगच्या निळ्या-हिरव्या डब्यात कधीही नाही. तो कचरा वेगळा करणाऱ्या कामगारांच्या हातात सुया घुसतात. औषधाच्या दुकानात मिळणारा लाल डबा घ्या, भरला की झाकण बंद करा. तो कुठे द्यायचा यासाठी फॅक्टोरियाच्या ट्रान्सफर स्टेशनला आधी फोन करून विचारा. सुईवर टोपण पुन्हा बसवायला जाऊ नका, तेव्हा बोटात सुई घुसू शकते.

परत जाताना

इथे 100 चं इन्सुलिन सुरू केलं असेल, तर खरी जोखीम विमान मुंबईला उतरल्यावर सुरू होते. नाशिकच्या किंवा सांगलीच्या घरातल्या कपाटात जुन्या लाल टोपणाच्या सिरिंज पडलेल्या असतात. अमेरिकेची उरलेली बाटली आणि ती सिरिंज एकत्र आली की वीसचे पन्नास युनिट होतात. म्हणून निघण्यापूर्वी:

1. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा: "100 चं इन्सुलिन, केशरी सिरिंजच."
2. जितके दिवस बाटली चालेल तितक्या केशरी सिरिंज सोबत द्या.
3. इथल्या डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव, ताकद आणि युनिट असा छापील कागद घ्या आणि तो घरी पोचल्याच्या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरांना दाखवायला सांगा.
4. भारतात जो कुणी इंजेक्शन देतो, शेजारची सिस्टर, कंपाउंडर, वहिनी, त्यांना तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉल करून बाटली आणि सिरिंज दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरायला लावा.
5. कपाटातल्या लाल सिरिंज त्याच कॉलवर बाहेर काढून घ्या.

आणि सोबत दिलेल्या सिरिंज संपत आल्या की मेडिकलमध्ये "शंभरची सिरिंज" असं म्हणूनच मागायला सांगा. नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं तर अजूनही पुष्कळ ठिकाणी लाल टोपणाचीच हातात पडते.